ओठाचं काय ते कळव

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

हाताचा फोटो पाहिला. केवढ्या गांधी उठल्या होत्या! सेटिरिझिन ही ॲलर्जीवरची गोळी घेतलीस, तासाभरात खाज कमी झाली, हे वाचून जीव भांड्यात पडला. पण त्याच मेसेजमध्ये 'ओठ जरा जड वाटत होता' असं लिहून तू लगेच नव्या ऑफिसकडे वळलीस. माझं मन अजून त्या ओठापाशीच अडलंय.

ऑफिसचंही वाचलं. एकटीनं सगळं जमवलंस, याचा मला किती अभिमान वाटतो ते बाबांना विचार.

फक्त ती गोळी काय करते ते नीट समजून घे. ॲलर्जी झाली की त्वचेतल्या मास्ट नावाच्या पेशी हिस्टामिन हे रसायन सोडतात. ते एच१ रिसेप्टर नावाच्या ठरावीक जागेला चिकटलं की खाज सुटते, बारीक रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपून कातडी फुगते. गोळी ती जागा अडवते, इतकंच. पेशींतून इतरही बरंच काही बाहेर पडतं, त्याला ती हात लावत नाही. म्हणून घसा आवळला, श्वास लागला, चक्कर आली, तर गोळीच्या भरवशावर बसायचं नाही. तिथे मांडीत ॲड्रेनालिनचं इंजेक्शनच लागतं, तेही तातडीनं. सरळ ॲम्ब्युलन्स बोलवायची.

झालं माझं व्याख्यान सुरू. रागावू नकोस. लहानपणी आजी तुला क्लोरफेनिरामिनचं सिरप पाजायची. ती जुनी औषधं मेंदूपर्यंत पोचतात, त्यामुळे तू ताटावरच पेंगायचीस, तोंडात घास तसाच, आणि नंदूकाका तुला उचलून आत न्यायचा. झोपेतही कोपर खाजवत असायचीस. तेव्हा निदान तू डोळ्यांसमोर होतीस. सेटिरिझिन मेंदूत कमी जाते, तरी काहींना तिनंही झोप येते. गाडी चालवण्याआधी अंदाज घे.

आणि दाढेसाठी आयबुप्रोफेन ही दुखण्यावरची गोळी घेतली होतीस ना? तिनंही गांधी उठू शकतात. डॉक्टरांना हे आवर्जून सांग, तोवर ती पुन्हा घेऊ नकोस. गांधी वरचेवर उठू लागल्या तर सेटिरिझिनचा डोसही मनानं वाढवू नकोस.

ओठ नुसता जड होता की सुजला होता? जीभ? आवाज बदलला होता का? संध्याकाळी फोन कर, आणि शेजारच्या खोलीतल्या मुलीचा नंबर दे. उगाच तिला त्रास देणार नाही.

तुझी,
आई