मेणवलीच्या वाड्यात शिरा तरी!

महोदय,
वाईजवळच्या मेणवलीत सुट्टीच्या दिवशी कृष्णेच्या घाटावर झुंबड उडते. पण मागच्या नाना फडणवीसांच्या वाड्यात मोजकेच लोक शिरतात, याचं फार वाईट वाटतं. अठराव्या शतकातला हा सहा चौकांचा वाडा. सागवानी खांब, भिंतींवरची चित्रं अजून पाहायला मिळतात. घाटावरच्या घंटेवर १७०७ हे साल आणि बाळ येशूला घेतलेल्या मेरीची आकृती आहे. चिमाजी अप्पांच्या वसई विजयाची (१७३९) ही खूण! असा वाडा राखायचा तर कौलं चाळण्यापासून वाळवीपर्यंत खर्चाला अंत नाही. वंशजांनी तो जपला, हे मोठंच काम. शासनाने दुरुस्तीला अनुदान द्यावं आणि शाळांनी सहली घाटावरूनच परत नेऊ नयेत.

– एक वाचक, सातारा