एकोणपन्नास

पिट्सबर्ग, १४ ऑक्टोबर

प्रिय संज्या,

आठ महिने झाले, तुला एक ओळ नाही. रागावला असशील तर रागाव, पण हे शेवटपर्यंत वाच. शुक्रवारी जे झालं ते आईला सांगून तिच्या जिवाला घोर लावायचा नाही, आणि इथल्या कुणाला ते कळायचं नाही. तब्येत बरी आहे.

मी इथे एक मंडळ काढतोय. विद्यार्थ्यांचं, बेसबॉलच्या आकडेवारीवर संशोधन करायला. दहा सह्या, एक मार्गदर्शक प्राध्यापक आणि लिहून काढलेली घटना, एवढं दिलं की मान्यता मिळते. घटना लिहिताना आपलं गल्लीतलं गणपती मंडळ आठवत होतं. खजिनदाराचं कलम सगळ्यांत कडक ठेवलंय, का ते तुला सांगायला नको. प्राध्यापकबाई मिळाल्या. सह्याही दहा झाल्या होत्या. आज नऊ आहेत.

बहुतेक पोरांना स्टॅटकास्टचा माल हवाय. २०१५ पासून मोठ्या लीगच्या मैदानांवर चेंडू बॅटवरून किती वेगानं सुटला, किती अंशात उडाला, सगळं मोजलं जातं. त्यात नोकऱ्या आहेत, मी त्यांना बोल लावत नाही. पण माझा जीव जॉश गिब्सनमध्ये अडकलाय. याच गावच्या होमस्टेड ग्रेज आणि क्रॉफर्ड्सकडून खेळलेला कॅचर. काळा म्हणून मोठ्या लीगचं दार त्याला कधी उघडलं नाही. १९४७च्या जानेवारीत गेला, पस्तिसाव्या वर्षी. एप्रिलमध्ये जॅकी रॉबिन्सन, तोही काळाच, मोठ्या लीगच्या मैदानात उतरला. तीन महिने रे! २०२४च्या मे महिन्यात काळ्या खेळाडूंच्या निग्रो लीगचे १९२० ते १९४८चे आकडे अधिकृत नोंदीत घेतले गेले आणि गिब्सनचं कारकिर्दीचं अ‍ॅव्हरेज, म्हणजे हिट्स (यशस्वी फटके) भागिले बॅटिंगच्या खेपा, ठरलं ०.३७२. तोवर सगळ्यांत वर असलेल्या टाय कॉबच्या ०.३६७च्या वर. ते वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही.

पण त्यातल्या कित्येक मॅचेसच्या नोंदी अजून सापडलेल्याच नाहीत. म्हणून आम्ही ‘पिट्सबर्ग कुरियर’च्या मायक्रोफिल्मवरून बॉक्स स्कोअर, म्हणजे पेपरात छापलेले मॅचचे धावफलक, उतरवतोय. साप्ताहिक पेपर, पुसट टाइप, कधी ६ की ८ तेच कळत नाही. बॉक्स स्कोअरची ही मांडणी बसवणारा हेन्री चॅडविक जन्मानं इंग्रज, आधी क्रिकेटचा वार्ताहर. म्हणूनच असेल, ते रकाने बघितले की मला आपली स्कोअरची दोनशे पानी वही दिसते. कित्येक मॅचेसमध्ये नुसते हिट्स छापलेत, खेळाडू किती वेळा बॅटिंगला आला तो रकानाच नाही. म्हणजे भाग कशाला द्यायचा ते आहे, कशानं द्यायचा ते नाही.

दुसऱ्या वर्षाचा एक पोरगा आहे, होमस्टेडचाच. त्याच्या पणजोबांनी ग्रेजची मॅच बघितलेली. त्यानं आमच्या तक्त्यात गिब्सनच्या सगळ्या रिकाम्या चौकोनांत ४ भरून टाकले. कारण विचारलं तर म्हणाला, ‘साधारण चारदा येतोच की माणूस. त्याच्या वाट्याला आधीच इतकं रिकामं आलंय, आणखी कशाला?’ आणि गंमत बघ, गोलंदाज गिब्सनला घाबरून मुद्दाम बाहेर टाकायचे, तो चालत पहिल्या बेसवर जायचा, आणि ती खेप हिशेबात धरतच नाहीत. म्हणजे जिथे ३ असायला हवेत तिथे ४ लिहून या पोरानं मायेपोटी त्याचं अ‍ॅव्हरेज उतरवलं! हे एवढंच शांतपणे सांगितलं असतं तरी त्याला पटलं असतं. मी सगळ्यांसमोर ओरडलो. ‘खोटी नोंद’ म्हणालो. त्यानं यादी ओढली, आपलं नाव खोडलं, सॅक उचलली आणि गेला.

संज्या, तेव्हा मला तूच दिसलास. बारावीच्या आधीची सुट्टी, शिवाजी स्टेडियम, बाळ्या ४९वर. बाळ्याचे वडील पहिल्यांदाच मॅच बघायला आलेले. तू लेग बायचा १ खोडून बाळ्यापुढे लिहिलास, मी तो परत खोडला, पेन्सिलीनं कागद फाटला. मी तुला चारचौघांत चोर म्हणालो. चार महिने आपण बोललो नाही, आणि शेवटी तूच भडंगाचा पुडा घेऊन दारात आलास. (निम्मा वाटेत खाल्ला होतास.) मी मात्र माफी कधीच मागितली नाही. आज मागतो. बाळ्याचे ४९च होते, ते मी आजही म्हणेन. पण तू चोर नव्हतास.

काल फोर्ब्स फील्डच्या उरलेल्या भिंतीपाशी जाऊन बसलो. मैदान कधीच पाडलंय. १९६०च्या १३ ऑक्टोबरला इथे पिट्सबर्गच्या मॅझेरोस्कीनं शेवटच्या डावात होमरन मारून न्यूयॉर्कच्या यांकीजना १०-९ हरवलं. दर वर्षी त्या दिवशी लोक जमतात आणि त्या मॅचची रेडिओ कॉमेंट्री टेपवर ऐकतात. माझ्या शेजारी एक म्हातारे गृहस्थ मांडीवर कोरा स्कोअरकार्ड घेऊन टेपबरोबर एकेक चौकोन भरत होते. निकाल सगळ्या गावाला पाठ, तरी एक चेंडू निसटला तेव्हा त्यांनी पेन्सिल थांबवली, शेजारणीला विचारलं, तिलाही आठवेना, आणि ती जागा तशीच सोडून पुढे गेले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

बदलीचं काय झालं तुझ्या? काकूंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं का? वहिनींना नमस्कार, पिल्लूला पापा.

उद्या त्या पोराला गाठणार आहे. सहीसाठी नाही, दहावी सही कुणाचीही मिळेल. २०१९च्या पुरात तू माळ्यावर नेऊन वाचवलेल्या तीन वह्यांत ती मॅच आहे का बघ. असली तर त्या पानाचा फोटो आज रात्रीच पाठव. फाटलेला भाग नीट दिसू दे, दोन्ही खाडाखोडींसकट.

तुझा,
विन्या