मणका मोडलेला की जन्मतःच तसा?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आंब्याचा हंगाम सुरू झाला की झाडावरून पडलेली माणसे एक्स-रेसाठी येऊ लागतात, हे रत्नागिरी जिल्ह्यात तंत्रज्ञ म्हणून काम करताना मी वर्षानुवर्षे पाहिले आहे. हे पत्र मात्र माझ्या चुलत भावावर जे ओढवले त्यामुळे लिहीत आहे.

झेल्याने आंबे काढताना तो फांदीवरून घसरला. बाजूने घेतलेल्या एक्स-रेत पाठीचा एक मणका पाचरीसारखा दिसला, मणका दबल्याचे निदान झाले आणि कमरेला पट्टा बांधून तो दोन महिने खाटेवर पडून राहिला. सगळा हंगाम हातचा गेला. समोरून घेतलेली फिल्म पहिल्याच दिवशी काढलेली होती, पण ती कोणी नीट पाहिली नव्हती. मी ती खिडकीच्या उजेडात धरली, तेव्हा त्याच मणक्याचे दोन त्रिकोण मध्ये फट ठेवून पंखांसारखे पसरलेले दिसले आणि वरखालच्या मणक्यांच्या कडा त्या फटीकडे फुगून आलेल्या होत्या. रेडिओलॉजिस्टनेही पुढे 'फुलपाखरू मणका' असेच निदान केले. गर्भात मणक्याचे दोन भाग मध्यभागी न जुळल्याने तो असा घडतो. शेजारच्या मणक्यांना त्याच्या आकाराशी जुळवून घ्यायला वाढीची सगळी वर्षे लागतात, एका दिवसाच्या पडण्याने ते होत नाही. अर्थात, जन्मजात वेगळेपण असलेल्या माणसालाही मोड होऊ शकते, म्हणून दुखरी जागा तपासणे आणि गरज पडल्यास सीटी किंवा एमआरआय करणे सुटत नाही.

मणक्यांच्या मोजणीतही असाच घोळ होतो. कमरेचे मणके सहसा पाच असतात. पण काहींचा पाचवा मणका त्रिकास्थीला, म्हणजे कमरेखालच्या त्रिकोणी हाडाला, जुळलेला असतो, तर काहींचा त्रिकास्थीतला पहिला सुटा राहून कमरेला सहा दिसतात. अशा मणक्याचा कंबरदुखीशी असलेला संबंध बर्टोलोटी या इटालियन डॉक्टरांनी १९१७ मध्येच मांडला होता. फक्त कमरेच्या एमआरआयवर खालून मोजत गेल्यास क्रमांक चुकतो, आणि आपल्याकडचे रुग्ण शस्त्रक्रियेसाठी कोल्हापूर-मुंबईला जातात तेव्हा तोच चुकीचा क्रमांक कागदावरून त्यांच्याबरोबर जातो.

म्हणून तपासणी केंद्रांना माझी कळकळीची विनंती आहे की, मणके मानेपासून मोजले की खालून, आणि जन्मजात काही वेगळे आढळले का, हे अहवालात स्पष्ट लिहावे व रुग्णाला मराठीत समजावून सांगावे. भावाच्या फाइलवर 'हा मणका जन्मजात असा आहे, मोड नाही' असे मी लाल शाईने लिहून ठेवले आहे. ते वाक्य पहिल्या अहवालातच यायला हवे होते.

आपला,
एक निवृत्त एक्स-रे तंत्रज्ञ, रत्नागिरी