मित्रास पत्र: तारीख नसलेले बोलावणे

प्रिय मित्रा,

आठ महिने तुला एक ओळही लिहिली नाही, याची मला मनापासून लाज वाटते. प्रकृती ठीक आहे. वैमानिकाचे वर्ग १ चे मेडिकल पार पडले, पाठ तेवढी दुखते.

त्या दुसऱ्या विमान कंपनीचे पत्र काल पुन्हा आले आणि प्रशिक्षणाची तारीख तिसऱ्यांदा पुढे गेली. निवड कायम आहे म्हणतात, पण नवी तारीख ‘यथावकाश कळवू’. हे यथावकाश म्हणजे काय, ते तुझ्याइतके कोणाला ठाऊक असणार?

इथे सात वर्षे झाली, तरी मी अजून उजव्याच सीटवर, म्हणजे सहवैमानिकच आहे. कमांडची, म्हणजे कॅप्टन होण्याची, पाळी जवळ आली असे वाटत असतानाच २०२३ मध्ये इंजिनांच्या धातूतील दोष उघड झाला, नव्या एअरबस जगभर तपासणीसाठी उभ्या राहिल्या आणि नवी विमाने मिळायलाही उशीर होऊ लागला. विमान नाही म्हणून कॅप्टनची जागा नाही, आणि वरचे हलत नाहीत म्हणून खाली भरती नाही. तिकडे गेलो तर निदान महिन्यातल्या अर्ध्या रात्री घरी झोपेन. पण सीनियॉरिटीच्या यादीत माझे नाव सर्वांत खाली असेल, आणि कपात खालूनच सुरू होते.

खरी भीती मधल्या काळाची आहे. राजीनामा दिला, नोटिशीचे महिने संपले आणि तारीख पुन्हा हुकली, तर उडत राहण्यासाठी ९० दिवसांत लागणारे तीन टेकऑफ आणि तीन लँडिंग होणार नाहीत. ते सिममध्ये (सिम्युलेटरमध्ये) भरून काढता येतात, पण नोकरी नसताना सिम कोण देणार? (तुझ्या पहिल्या सोलोला, म्हणजे एकट्याच्या उड्डाणाला, उतरताना विमान तीनदा उसळले आणि सर म्हणाले, ‘तिन्ही नोंदव’. ते आठवून काल एकटाच हसलो.)

मग तुझे लॉगबुक (उड्डाणांची नोंदवही) आठवले: मार्च २०२० ची, कोविड आला तेव्हाची शेवटची नोंद आणि तिच्याखाली कोऱ्या रेघा. भरती पुन्हा सुरू झाली तेव्हा तू परतला नाहीस, म्हणून मी तुला पळपुटा म्हणालो. यादीतल्या आकड्यावर संसार उभा करणार नाही, असे तू म्हणालास आणि मी फोन ठेवून दिला. तो शब्द मी आज परत घेतो. तेव्हा माझा आकडा सुरक्षित होता, म्हणून मला बोलायला सोपे गेले.

तारीख लेखी हाती पडेपर्यंत राजीनामा द्यायचा नाही, इथपर्यंत माझे ठरले आहे. पण ती तारीख आली तरी जावे का, हे ठरत नाही. विमानापासून दूर झाल्यावर पहिले सहा महिने तुला कसे गेले, हे मी कधी विचारलेच नाही. आता विचारतो; खरे तेच सांग.

तुझे नवे काम कसे चालले आहे? लेकीची परीक्षा झाली असेल. वहिनींना नमस्कार.

रविवारी मला सुट्टी आहे. रात्री फोन करतो, उचल.

तुझाच,
उजव्या सीटवरचा