निविदेतलं ‘अद्ययावत’ कधीपर्यंतचं?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

सकाळच्या चहाबरोबर मी बातम्यांच्या आधी निविदा सूचना वाचते. एका सहकारी बँकेच्या ईडीपी म्हणजे संगणक विभागात एकोणतीस वर्षं काढली, त्याची ही खोड. गेल्या महिन्याभरात आपल्या दैनिकात संगणक प्रणालीच्या तीन निविदा आल्या. एक बँकेची, एक शिक्षण संस्थेची, एक साखर कारखान्याची. तिन्हींत एकच वाक्य, एकमेकींवरून उतरवून घेतल्यासारखं: ‘वेब आधारित प्रणाली अद्ययावत तंत्रज्ञान वापरून विकसित करावी.’ अनामत किती, डीडी कोणाच्या नावे, लिफाफे दोन की तीन, हे सगळं तपशीलवार. पण प्रणाली ज्या फ्रेमवर्कवर उभी राहणार ते कोणतं, त्याची कितवी आवृत्ती आणि तिला दुरुस्त्या मिळायच्या कधी बंद होणार, याबद्दल अवाक्षर नाही.

फ्रेमवर्क म्हणजे तयार सांगाडा. लॉगिन, स्क्रीन, डेटाबेसशी बोलणं ही कामं प्रत्येक प्रणालीला लागतात, ती त्यात आधीच करून ठेवलेली असतात. भिंती कंत्राटदार बांधतो, सांगाडा मात्र तिसऱ्याच कोणाचा असतो, गूगलचा, मेटाचा (म्हणजे फेसबुकचा) किंवा जगभरच्या स्वयंसेवकांचा. तो तिसरा उद्या म्हणाला की आता आम्ही याच्याकडे बघणार नाही, तर कंत्राटदार हात वर करतो. हे मी ऐकीव सांगत नाही.

२०१४ साली आमच्या बँकेने ४१ शाखांच्या कर्ज विभागासाठी नवी प्रणाली घ्यायचं ठरवलं. पुण्याच्या एका कंपनीची तीन मुलं लॅपटॉप घेऊन सभागृहात आली. पडद्यावर एक रिकामा चौकोन. अध्यक्षांना म्हणाली, ‘साहेब, तुमचं नाव टाइप करा.’ साहेब एका बोटाने टाइप करू लागले आणि खालच्या ओळीत ‘नमस्कार’ या शब्दापुढे त्यांचं नाव अक्षराअक्षराने उमटत गेलं. एंटर नाही, बटण नाही. संचालकांनी टाळ्या वाजवल्या. ते गूगलचं अँग्युलरजेएस नावाचं फ्रेमवर्क होतं, आणि तो चौकोन त्यांच्या वेबसाइटवर सगळ्यांना दाखवायला ठेवलेलाच नमुना होता, हे मला नंतर कळलं. टाळ्या मीही वाजवल्या. माझ्या बायोडेटात तोवर फॉक्सप्रो आणि व्हीबी ही जुनी साधनं एवढंच होतं. त्यात गूगलचं काहीतरी यावं असं मलाही वाटत होतं, खोटं कशाला बोलू?

त्या जादूचा हिशेब पुढे कळला. पानावर कुठेही एक अक्षर दाबलं की ते फ्रेमवर्क पानाशी जोडलेली प्रत्येक नोंद बदलली का ते तपासायचं. बदल सापडला की आणखी एक फेरी. एका चौकोनाला हे परवडतं. आमच्या गृहकर्जाच्या स्क्रीनवर वीस वर्षांचे २४० हप्ते, प्रत्येक ओळीत सात रकाने, म्हणजे १,६८० जागा, वरचा फॉर्म वेगळाच. दोन हजारांच्या आसपास गेलात की जड होईल, असं जाणकार तेव्हाही सांगत. शाखेतल्या जुन्या पीसीवर कर्ज विभागातली मुलगी ५ दाबायची, काही उमटायचं नाही, म्हणून ती पुन्हा ५ दाबायची, आणि मग दोन्ही एकदम उमटायचे. मार्चअखेरीला तिने फोनवर सांगितलं, ‘ताई, मी आता एक आकडा दाबते, हात मांडीवर ठेवते, मनात तीनपर्यंत मोजते आणि मग पुढचा दाबते.’ शेवटी आम्ही हप्ते बारा-बाराने दाखवायला लावले, तेव्हा कुठे सुटका झाली.

हे दुखणं बरं होण्यातलं होतं. पुढचं नव्हतं. सप्टेंबर २०१६ मध्ये गूगलने अँग्युलर २ आणलं. नाव जवळपास तेच, आतून सगळंच नवं. जुनी स्क्रीन त्यात जशीच्या तशी चालेना, लिहायचंही आता टाइपस्क्रिप्ट या वेगळ्या भाषेत. दोन्ही शेजारी-शेजारी चालवून हळूहळू हलवायची सोय होती, पण आमच्या १४० स्क्रीन हलवणार कोण? ती तीन मुलं तोवर हिंजवडीत तीन वेगळ्या कंपन्यांत गेली होती. पुण्याची ती मूळ कंपनी म्हणाली, करारात नाही. खरंच नव्हतं. गूगलने जुन्याचा सपोर्ट थोडा लांबवला आणि ३१ डिसेंबर २०२१ ला थांबवला. पुढच्याच सिस्टिम ऑडिटमध्ये शेरा आला. अनुपालन अहवालात ‘कार्यवाही सुरू आहे’ हे मी दोन वर्षं लिहीत होते. पुनर्लेखनाचं बिल आलं ते मूळ प्रणालीच्या बिलापेक्षा मोठं.

गंमत म्हणजे त्याच प्रणालीची मागची बाजू, व्याज काढणारी, जावा भाषेतल्या स्प्रिंग या फ्रेमवर्कवर होती. स्प्रिंगची पहिली आवृत्ती २००४ ची. सभागृहात टाळ्या घेण्यासारखं त्यात काही नव्हतं, कोणी दाखवलंही नाही. ते अजून चालू आहे. फुकटात नव्हे. नोव्हेंबर २०२२ मध्ये स्प्रिंग बूट ३ (स्प्रिंग चालवायचा तयार संच) आलं, त्याला जावा १७ लागली आणि कोडमध्ये ठिकठिकाणी असलेलं ‘जावाएक्स’ हे नाव बदलून ‘जकार्ता’ करावं लागलं, कारण जावाची मालक कंपनी ओरॅकल हिने जावाची ती शाखा एक्लिप्स फाउंडेशन या संस्थेच्या हवाली केली, पण जुनं नाव पुढे वापरू दिलं नाही. गल्लीचं नाव बदललं म्हणून सगळ्या पाकिटांवरचे पत्ते बदलायचे, तसलं कंटाळवाणं काम. घर मात्र पाडावं लागलं नाही.

गूगलशी माझं भांडण नाही. नव्या अँग्युलरची मोठी आवृत्ती साधारण सहा महिन्यांनी येते आणि प्रत्येकीला दीड वर्ष सपोर्ट, हे ते उघड सांगतात. दीड वर्षात आमच्याकडे एक ठराव खरेदी समितीकडून जेमतेम परत यायचा, ही गोष्ट वेगळी. जँगो हे फ्रेमवर्क तर, संपादक महोदय, तुमच्याच धंद्यातलं. अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या लॉरेन्स गावी एका वृत्तपत्राच्या कचेरीत ते तयार झालं आणि २००५ मध्ये सगळ्यांना खुलं झालं. त्याची ४.२ ही आवृत्ती एप्रिल २०२३ मध्ये आली ती एप्रिल २०२६ पर्यंतचा शब्द देऊनच. फेसबुकच्या रिअ‍ॅक्ट या सांगाड्यात २०१९ साली लिहायची पद्धत बदलली, पण जुन्या पद्धतीने लिहिलेलं चालत राहिलं. या तारखा कोणी लपवलेल्या नाहीत. निविदा लिहिणाऱ्याने विचारायचा अवकाश आहे.

नुसती तारीख विचारूनही भागत नाही. स्ट्रट्स नावाच्या जावा फ्रेमवर्कमध्ये छिद्र सापडलं, दुरुस्ती मार्च २०१७ मध्ये आली, तीही फुकट. अमेरिकेतल्या इक्विफॅक्स या पतमाहिती कंपनीच्या तक्रार नोंदवायच्या संकेतस्थळावर ती लागलीच नाही. मे महिन्यात चोर आत शिरले आणि सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती गेली. म्हणून दुरुस्ती आल्यावर ती किती दिवसांत लावायची आणि मोठी आवृत्ती बदलताना पैसे कोणी मोजायचे, हेही करारात हवं. ‘अद्ययावत’ हा शब्द काढला तर या ओळींना जागा पुरते.

साखर कारखान्यात सासऱ्यांच्या नावचा शेअर आता माझ्या नावावर आहे. वार्षिक सभेसाठी प्रश्न लेखी मागवले होते, म्हणून मी वरचे सगळे प्रश्न दोन पानांत लिहून दिले. पोच मिळाली. त्यावर विषय लिहिला आहे: ‘संगणक खरेदीबाबत.’

आपली,
एक वाचक, मिरज
(नाव छापू नये. ग्रॅच्युइटीचे कागद अजून बँकेतच आहेत.)