तुझ्या ओमबद्दल थोडं

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

ऑटिझम असलेल्या ओमवरच्या तुझ्या रहस्यकादंबरीची पाच प्रकरणं वाचून झाली. फोनवर नुसतं "छान आहे" म्हटलं, कारण तुझा दादाही ओमसारखाच, तो शेजारीच बसला होता आणि त्याच्याविषयीचं बोलणं त्याच्या डोक्यावरून चाललेलं त्याला खपत नाही. म्हणून सविस्तर लिहिते.

गोष्ट पकड घेते, यात वाद नाही. आजोबा असते तर एका बैठकीत संपवली असती. बाबुराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळा पहाड त्यांना सख्ख्या नातेवाइकांपेक्षा जवळचे होते. पण तुझा ओम मला अडला. तिसऱ्या प्रकरणात तो एकदाच पाहिलेला गाडीचा नंबर तीन वर्षांनी घडाघडा सांगतो, चौथ्यात बिलांच्या गठ्ठ्यातली गफलत नजर टाकताच काढतो. पाच प्रकरणांत त्याला एकदाही भूक लागत नाही, कंटाळा येत नाही, कुणाचा राग येत नाही. मनू, तू सोसायटीच्या गेटवर सीसीटीव्ही बसवलायस आणि त्याला ओम नाव दिलंयस.

तू कॉलेजात असताना घेतलेलं मार्क हॅडनचं 'द क्युरियस इन्सिडेंट ऑफ द डॉग इन द नाइट-टाइम' माळ्यावरून काढून पुन्हा वाचलं. 2003 सालचं पुस्तक. इंग्लंडमधल्या स्विंडन गावातला पंधरा वर्षांचा ख्रिस्तोफर बून, शेजारणीचा वेलिंग्टन नावाचा पूडल कुत्रा बागेत खुपसलेल्या काट्यासकट मेलेला पाहतो आणि तपासाला लागतो. तुला बहुतेक ते अविभाज्य संख्यांचे प्रकरण-क्रमांक आठवत असतील, 2, 3, 5, 7, 11 असे. सगळ्यांना तेच आठवतं, आणि तुझा ओमही तिथूनच आलाय असा मला संशय आहे. पण ख्रिस्तोफरच्या तपासात गणिताचा वाटा किती, ते एकदा बघ. फार थोडा. खुनी कोण हे तो शोधूनही काढत नाही, खुनीच त्याला येऊन सांगतो.

खुनी त्याचा बाप. बॉयलर दुरुस्त करणारा, एकट्यानं मुलाला वाढवणारा, स्वयंपाक करणारा, मिठी सहन होत नाही म्हणून हाताची बोटं पसरून पुढे धरणारा बाप. मुलगाही बोटं पसरतो, बोटांना बोटं टेकतात, झालं. आणि याच माणसानं त्याला आई हार्ट ॲटॅकनं गेली असं सांगितलेलं असतं. ती लंडनमध्ये जिवंत असते, मुलाला पत्रं लिहीत असते, आणि ती पत्रं कपाटात शर्टाच्या खोक्यात दडवलेली असतात.

पुस्तकाचं नाव कुठून आलंय ते तुला माहीत असेलच. शेरलॉक होम्सची 1892 सालची 'सिल्व्हर ब्लेझ' नावाची कथा आहे. रात्री तबेल्यातून घोडा नेला, पण राखणीचा कुत्रा भुंकला नाही. का? तर येणारा माणूस ओळखीचा होता. म्हणजे हॅडननं मुखपृष्ठावरच उत्तर छापून ठेवलंय, की घरातलंच कुणीतरी आहे. पहिल्यांदा वाचताना माझ्या हे डोक्यातही आलं नव्हतं.

तुझ्या कामाची जागा पुढे आहे. ते खोकं सापडतं तेव्हा ख्रिस्तोफर काय करतो? पाकिटावरच्या पोस्टाच्या शिक्क्याची तारीख बघतो. आई गेल्यानंतरची तारीख! आता कुणीही म्हणेल, याला कळलं. पण त्याला बाप खोटं बोलला असेल हे सुचतच नाही. तो शक्यता मांडत बसतो, पत्र दुसऱ्याच कुणा ख्रिस्तोफरला त्याच्या आईनं लिहिलं असेल, वगैरे. तर्कात कुठे खोट नाही. त्यात फक्त एक माणूस संशयितांच्या यादीत नाही, कारण त्याच्यावर विश्वास आहे. शिक्का दिसतो आणि तरीही अर्थ लागत नाही, तिथे माझ्या पोटात गोळा आला. तुझ्या ओमला असं एक माणूस दे, ज्याच्यावर तो संशय घेऊच शकत नाही. मग तुझं रहस्य गाडीच्या नंबरावर अवलंबून राहणार नाही.

मला हसू आलं ती जागाही सांगते. बाप त्याच्याकडून वचन घेतो की कुत्र्याच्या मालकिणीच्या नवऱ्याचं, मिस्टर शिअर्सचं, नाव या घरात काढायचं नाही, कुत्र्याबद्दल कुणाला विचारायचं नाही, हा तपासाचा खेळ बंद. ख्रिस्तोफर प्रत्येक अट शब्दाला शब्द लावून तपासतो आणि शेजारच्या बाईंना मिस्टर शिअर्सबद्दल विचारतो, कारण ते यातल्या एकाही अटीत बसत नाही. वकिलाच्या ऑफिसात इतकी वर्षं टायपिंग केलंय मी, याच्याइतकी करारातली पळवाट शोधणारे ज्युनिअर फार पाहिले नाहीत. दादाला "टीव्ही बंद कर" म्हटलं की तो टीव्ही बंद करून मोबाइलवर तीच मॅच लावतो, ते आठव. हे तुला घरात फुकट मिळालेलं आहे आणि तू ते वापरत नाहीस.

ऑफिसचा विषय निघाला म्हणून एक चूक दाखवते. पाचव्या प्रकरणात इन्स्पेक्टर ओमला साक्षीदार म्हणून चौकीवर यायला भाग पाडतो. तसं करता येत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 179 प्रमाणे शारीरिक किंवा मानसिक अपंगत्व असलेल्या साक्षीदाराला तो राहतो ती जागा सोडून दुसरीकडे हजर राहायला लावता येत नाही, आणि 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या यादीत ऑटिझम आहे. म्हणजे इन्स्पेक्टरला ओमच्या हॉलमध्ये, पंख्याखाली, समोर पोह्यांची बशी घेऊन प्रश्न विचारू दे. किंवा त्याला नियम माहीत नाही असं दाखव आणि ओमच्या आईला तो नियम त्याला ऐकवू दे. मला दुसरं जास्त आवडेल.

आणि प्रश्न एकामागून एक येऊ देत. हॅडनच्या पुस्तकात पोलीस भराभर विचारत जातो, ख्रिस्तोफरच्या डोक्यात प्रश्न साचतात, तो कपाळ गवताला टेकवून कण्हायला लागतो. पोलीस दंड धरून उठवायला जातो, तेव्हा मुलगा त्याला मारतो आणि कोठडीत जातो. या मारण्यावरून आणि गणितातल्या हुशारीवरून ऑटिझम असलेल्या काही वाचकांनी या पुस्तकावर टीकाही केली आहे. लेखकानं आपण फारसा अभ्यास केला नव्हता हे उघड सांगितलंय, आणि गोष्टीत ख्रिस्तोफरला कुठलंच निदान चिकटवलेलं नाही. ते काम मुखपृष्ठानं केलं. तू पहिल्याच पानावर ओमचं निदान डॉक्टरांच्या तोंडून वदवलंयस. काढून टाकलंस तर काही बिघडणार नाही.

आता दादाची गोष्ट, जी तू पुण्यात असल्यामुळे तुला माहीत नाही. गेल्या महिन्यात आपल्या विंगला सकाळी पाणीच येईना. वॉचमन म्हणे, मोटर रोजच्यासारखी लावतोय. कमिटीनं प्लंबर आणला, पाइप फोडला, गच्चीवर दोन मीटिंगा झाल्या. शेवटी एका रात्री जेवताना दादा म्हणाला, "मोटर अठरा मिनिटं. पूर्वी चाळीस." त्याला पहाटे जाग येते आणि मोटरचा आवाज त्याच्या खिडकीखाली. मी विचारलं, "अरे, इतके दिवस सांगितलं का नाहीस?" तो आमटीतलं खोबरं बाजूला काढत म्हणाला, "कुणी विचारलं?" वॉचमन मोटर लवकर बंद करून दुसऱ्या सोसायटीत गाड्या धुवायला जात होता. खरं सांगायचं तर मला त्या वॉचमनची दयाच आली, पगार काय मिळतो त्याला. दादाला ना दया आली ना राग. त्याला आंघोळीला पाणी हवं होतं.

यात स्मरणशक्तीचा चमत्कार काही नाही. आवाज त्याला टाळताच येत नाही म्हणून तो ऐकतो, आणि त्याचा त्याला त्रासच जास्त. मिक्सर लावला की तो आजही कानावर उशी दाबतो. तुझ्या ओमला एखादी गोष्ट कळते, तेव्हा त्याची किंमतही त्याला मोजू दे.

शेवटचं, ओमच्या बहिणीबद्दल. ती प्रत्येक वेळी मधे पडून "म्हणजे त्याला असं म्हणायचंय" करते. तू लहानपणी हेच करायचीस आणि दादा भयंकर वैतागायचा. तिला एकदा तरी अर्थ चुकीचा लावू दे, आणि त्यामुळे तपास भलतीकडे जाऊ दे.

पुढची प्रकरणं प्रिंट काढून कुरिअरनं पाठव, मोबाइलवर वाचून डोळे दुखतात. दादानं वाचायला मागितलंय. मी त्याला म्हटलं, आधी मनूला विचारते. तेव्हा काय ते कळव. दिवाळीला येताना त्याचे निळे मोजे आण, त्याच कंपनीचे, लेबल कापलेलं नको, ते तो स्वतः कापतो.

तुझी,
आई