मागच्या तारखेची औषधचिठ्ठी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

जानेवारी 2026 मध्ये पुण्यात आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेच्या (यूसीआय) 2.2 दर्जाची बहुटप्पा शर्यत झाली आणि क्रीडापानांवर व्यावसायिक सायकलिंगला जागा मिळू लागली. मुंबई-पुणे शर्यतीत यंदा ‘घाटाचा राजा’ कोण, याची वाट पाहत आलेल्या पिढ्यांना याचा आनंद आहेच. पण उत्तेजकांविषयीच्या बातम्या वाचताना एक गोष्ट सतत खटकते. खेळाडूचे नाव, द्रव्याचे नाव, बंदीची वर्षे, एवढ्यावर बातमी संपते. नमुना दोषी ठरल्यावर तो कागद कोणाच्या टेबलावर गेला आणि तिथे त्याचे काय झाले, हे क्वचितच विचारले जाते. या खेळाचे सर्वांत मोठे नुकसान त्या टेबलावर झाले आहे.

1999 ची टूर दे फ्रान्स घ्या. त्याच्या आदल्या वर्षी, 8 जुलै 1998 रोजी, फेस्टिना संघाचा मालिशवाला विली व्होएट फ्रान्स-बेल्जियम सीमेवर ईपीओ हे उत्तेजक आणि इतर औषधांनी भरलेल्या गाडीसह पकडला गेला होता. बदनाम झालेल्या शर्यतीला नवा चेहरा हवा होता आणि कॅन्सरमधून उठलेला अमेरिकी सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँग त्या जागी नेमका बसत होता. त्याच्या लघवीत ट्रायमसिनोलोन हे कॉर्टिकोस्टेरॉइड सापडले. नियम स्पष्ट होता: असे औषध घेत असाल तर डॉक्टरांचे प्रमाणपत्र चाचणीच्या वेळीच द्यायचे. त्याने चाचणीच्या फॉर्मवर कोणतेही औषध लिहिले नव्हते. खोगीर घासून झालेल्या जखमेवर मलम लावले होते, अशी मागची तारीख घातलेली चिठ्ठी नंतर आली आणि यूसीआयने ती मान्य केली. ही चिठ्ठी कशी बनली हे संघाची मालिशकार एमा ओ’रायली हिने पुढे उघडपणे सांगितले, तेव्हा तिलाच खोटे ठरवण्यात आले. दोन वर्षे आधी, 1997 च्या जागतिक विजेत्या लोराँ ब्रोशारलाही अशाच मागाहून आलेल्या प्रमाणपत्राने वाचवले होते. वाट आधीच मळलेली होती.

मलमाची सबब चालते कशी, हे समजून घेतले पाहिजे. चिठ्ठी असेल तर त्वचेवर लावलेले स्टेरॉइड चालत असे, स्नायूत किंवा शिरेत घेतलेले इंजेक्शन मात्र निषिद्ध. लघवीत दोन्हींचा अंश सारखाच दिसतो. त्यामुळे औषध शरीरात कोणत्या वाटेने गेले हे यंत्र सांगू शकत नाही, ते कागद ठरवतो. आणि कागद उशिरा स्वीकारायचा की नाही हे एक अधिकारी ठरवतो.

ईपीओच्या बाबतीतही हेच झाले. हे द्रव्य तांबड्या पेशी वाढवते. 2000 पर्यंत ते लघवीत पकडण्याची मान्य पद्धत नव्हती, म्हणून यूसीआयने 1997 मध्ये रक्तातील तांबड्या पेशींच्या प्रमाणावर 50 टक्क्यांची मर्यादा घातली. ती ओलांडली तर 15 दिवस विश्रांती. आरोग्याच्या काळजीपोटी आणलेला हा आकडा व्यवहारात परवाना ठरला. संघाच्या डॉक्टरांनी छोटी सेंट्रिफ्यूज यंत्रे जवळ ठेवली, पहाटे प्रमाण मोजायचे, जास्त निघाले तर तपासणीस दारात येण्याआधी सलाईन चढवून रक्त पातळ करायचे. ज्याचे नैसर्गिक प्रमाण 41 त्याला भरपूर वाव, ज्याचे 48 त्याला जवळपास नाही. मार्को पांतानी 1999 च्या जिरो या इटलीच्या शर्यतीत मादोन्ना दी कांपिलियो येथे 52 वर सापडला आणि आघाडीवीराची गुलाबी जर्सी अंगावर असताना घरी गेला, म्हणजे नियम लागू करता येत होते.

पुढे लघवीची चाचणी आली. जेलवर उमटणाऱ्या पट्ट्यांपैकी ठरावीक भागातल्या पट्ट्या 80 टक्क्यांच्या वर गेल्या तरच नमुना दोषी. 2001 च्या टूर दे स्विस या स्वित्झर्लंडच्या शर्यतीतले आर्मस्ट्राँगचे नमुने संशयास्पद होते, पण रेषेखाली. खरी चूक त्यानंतरची. संशयाची कल्पना खेळाडूला देण्यात आली आणि 2002 मध्ये लोझान प्रयोगशाळेच्या प्रमुखाने त्याला व त्याच्या संघव्यवस्थापकाला ही चाचणी कशी चालते ते समजावून सांगितले. ज्याच्यावर संशय आहे त्यालाच रेषा किती जवळ होती हे कळले, तर पुढच्या वेळी त्या रेषेखाली राहणे त्याला किती सोपे जाईल? त्याच काळात त्याच खेळाडूकडून यूसीआयने देणग्या घेतल्या: 2002 मध्ये 25 हजार डॉलर आणि पुढे आणखी एक लाख. यूसीआयच्या कारभाराची चौकशी करणाऱ्या, डिक मार्टी यांच्या अध्यक्षतेखालील स्वतंत्र आयोगाचा अहवाल मार्च 2015 मध्ये आला. न्यायाने सांगायचे तर दोषी नमुना पैसे घेऊन दडपल्याचा पुरावा त्या आयोगाला मिळाला नाही. मात्र यूसीआयने आर्मस्ट्राँगला झुकते माप दिले आणि स्वतःचेच नियम त्याच्यासाठी वाकवले, हे त्यात स्पष्ट लिहिले आहे. हाइन व्हरब्रुगेन आणि पॅट मॅक्वेड या यूसीआयच्या दोन्ही अध्यक्षांच्या कारकिर्दी त्यात तपासल्या आहेत.

2005 मध्ये ‘लेकीप’ या फ्रेंच क्रीडा दैनिकाने 1999 च्या साठवलेल्या नमुन्यांत ईपीओ सापडल्याचे छापले. यूसीआयने डच वकील एमिल फ्रायमन यांच्याकडे ‘स्वतंत्र’ चौकशी सोपवली. 2006 च्या त्या अहवालाच्या मसुद्यात यूसीआयचा आणि आर्मस्ट्राँगच्या वकिलांचाही हात होता, हे मार्टी आयोगाने उघड केले. आणि 2009 चे पुनरागमन! निवृत्तीतून परतणाऱ्याने सहा महिने चाचणीच्या यादीत राहायचे, असा नियम होता. त्या हिशेबाने आर्मस्ट्राँग ऑस्ट्रेलियातल्या टूर डाउन अंडरसाठी 13 दिवस कमी पडत होता. आधी नकार, मग अचानक परवानगी. आणि त्याच दिवशी त्याने मॅक्वेड यांच्या मायदेशातील टूर ऑफ आयर्लंडमध्ये उतरायचे कबूल केले. तेरा दिवस किरकोळ वाटतात. पण एखाद्या छोट्या संघातल्या, महिन्याच्या पगारावर धावणाऱ्या सायकलपटूने तेरा तासांची सूट मागितली असती तर? 2012 मध्ये या कारभारावर टीका करणारे पत्रकार पॉल किमेज यांच्यावर दोन्ही अध्यक्षांनी आणि यूसीआयने बदनामीचा दावा लावला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये उत्तेजक सेवनाबद्दल आर्मस्ट्राँगची टूर दे फ्रान्सची सातही विजेतेपदे गेली. ख्रिस्तोफ बासोंसारखा औषधांना नकार देणारा खेळाडू मात्र 1999 मध्येच टूरमधून बाहेर ढकलला गेला होता. त्याची ती वर्षे कोणी परत दिली नाहीत.

यातून काही सुधारले, तेही सांगायला हवे. 2008 पासून रक्ताचा जैविक पासपोर्ट आला. त्यात एका नमुन्याऐवजी त्याच खेळाडूच्या अनेक नमुन्यांतील बदल पाहतात. एक गणित उपयोगी आहे: हिमोग्लोबिन (लिटरमागे ग्रॅममध्ये) वजा 60 गुणिले नवजात तांबड्या पेशींच्या टक्केवारीचे वर्गमूळ. हिमोग्लोबिन 150 आणि नवजात पेशी 1 टक्का असतील तर उत्तर 90. स्वतःचे साठवलेले रक्त चढवले की हिमोग्लोबिन समजा 160 होते, अस्थिमज्जा काम मंदावते, नवजात पेशी 0.49 टक्क्यांवर येतात आणि उत्तर 118 होते; ही उडीच संशय जागवते. रक्त काढण्याआधी खेळाडूला दहा मिनिटे पाय जमिनीवर टेकवून बसवायचे असते, कारण उभे राहण्या-बसण्यानेही रक्ताचा दाटपणा बदलतो. घाईत ही दहा मिनिटे पाळली नाहीत, किंवा नमुना वाटेत गरम झाला, की वकिलाला आयती फट मिळते. सर्वांत मोलाचा भाग म्हणजे तीन तज्ज्ञांसमोर आलेखावर नाव नसते, फक्त सांकेतिक क्रमांक असतो, आणि तिघांचे एकमत लागते. ज्याचे नाव माहीत नाही त्याच्यावर मेहेरबानी करता येत नाही.

आजारपणात निषिद्ध औषध घेऊ देण्याच्या सवलतीत ही शिस्त उशिरा आली. 2014 च्या टूर दे रोमांदी या शर्यतीवेळी ब्रिटिश सायकलपटू ख्रिस फ्रूमला प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडची सवलत एकट्या वैद्यकीय अधिकाऱ्याने दिली, समितीने नव्हे. जागतिक उत्तेजक प्रतिबंधक संस्थेने (वाडा) तो निर्णय चुकीचा ठरवला नाही, पण त्यानंतर यूसीआयला समितीमार्फतच निर्णय घेण्याची शिस्त लावून घ्यावी लागली. 2021 पासून सायकलिंगच्या चाचण्यांचे काम आंतरराष्ट्रीय चाचणी संस्थेकडे गेले आहे. शर्यतींचा प्रसार करणारा आणि शर्यतींतली चोरी पकडणारा एकच असू नये, एवढ्यासाठी इतकी वर्षे गेली.

आपल्याकडे राष्ट्रीय उत्तेजक प्रतिबंध कायदा 2022 मध्ये झाला. दिल्लीच्या उत्तेजक चाचणी प्रयोगशाळेची मान्यता ऑगस्ट 2019 मध्ये निलंबित झाली होती, ती डिसेंबर 2021 मध्ये परत मिळाली; मधल्या काळात नमुने परदेशी जात होते. आता आंतरराष्ट्रीय शर्यती आपल्या घाटांत येत असतील, तर आयोजकांनी आणि राज्याच्या क्रीडा खात्याने काही गोष्टी आधीच बांधून घ्याव्यात. चाचणीचा खर्च शर्यतीच्या प्रायोजकाकडून थेट येऊ नये, तो आधीच स्वतंत्र संस्थेकडे जमा व्हावा. चाचणी कक्ष अंतिम रेषेजवळ हवा. अर्धा किलोमीटर गर्दीतून चालत जावे लागले तर खेळाडूवर लक्ष ठेवायला सोबत दिलेल्या माणसाची (चॅपरोन) नजर चुकतेच. लघवी किमान 90 मिलिलिटर हवी. ती दोन बाटल्यांत विभागून सील करण्याचे काम खेळाडूने स्वतः करावे, संघाच्या मालिशवाल्याने नव्हे. स्थानिक संघांचे डॉक्टर आणि संघटनेचे पदाधिकारी यांचे नातेसंबंध लेखी जाहीर व्हावेत. मागच्या तारखेचे कोणतेही प्रमाणपत्र एकट्या अधिकाऱ्याच्या सहीने दाखल होऊ नये.

आपल्या वार्ताहरांना विनंती आहे. पुढच्या शर्यतीच्या पत्रकार परिषदेत बक्षिसाची रक्कम आणि मार्गाची लांबी विचारून झाली की आणखी एवढे विचारा: लघवीचे नमुने किती घेतले, रक्ताचे किती, किती खेळाडू औषधाच्या सवलतीवर धावले, आणि त्या सवलतींवर सह्या किती जणांच्या आहेत? नावे नकोत, आकडे पुरेत. तेच आकडे निकालाच्या तक्त्याखाली छापा.

आपला,
सायकल शर्यतींचा एक अभ्यासक,
पुणे